तुझ्या पानावरचा मिल्कशेक

सुनंदे,

काल तुझं तेरावं झालं. पानावर काय वाढायचं यावरून घरात वाद झाला, तो आधी सांगतो. तू असतीस तर दारातूनच विचारलं असतंस, कोण काय बोललं ते. जन्म कुठला, माहेर कुठलं, मागे कोण कोण, ते इथले मराठी मंडळवाले त्यांच्या अंकात छापतीलच. ते मला म्हणाले, "काका, तुम्ही पण दोन शब्द लिहा." मी म्हटलं, मी सातवी नापास माणूस, आयुष्यभर गाड्यांच्या सीटा शिवल्या, लोकांना सांगण्यासारखं मला काही येत नाही. तिला सांगायचंय ते तिलाच सांगतो. तुम्हाला हवं तर छापा.

तर कुंदावहिनी, आपल्या बाळादादाची बायको, दोन दिवस आधीच मनामाहून मोठी पातेली घेऊन आली आणि तिने तुझा ओटा ताब्यात घेतला. तुझा एकेक डबा उघडून वास घेत होती. मला राग आला, पण गप्प बसलो, कारण जेवण करणार कोण? मग म्हणाली, "भावोजी, पानावर तिच्या आवडीचं काहीतरी पाहिजे. जाणाऱ्याचा जीव अडकतो त्यात. काय आवडायचं सुनंदाला?" आणि मी तोंड उघडायच्या आत तिनेच सांगून टाकलं. "घावणे आणि नारळाचा रस. तुमच्याकडे कधीही या, घावणेच."

घावणे मला आवडतात. तू माझ्यासाठी करायचीस आणि तव्यावर फाटलेले तेवढे स्वतः खायचीस.

मंजू खुर्चीत बसली होती. "आईला ना..." म्हणाली आणि थांबली. आपली पोरगी इथेच आखातात जन्मली, इथेच शिकली, सीफमध्ये काचेच्या ऑफिसात बसून चार लोकांना हुकूम सोडते, तिला सांगता येईना. मग मीच म्हटलं, "मिल्कशेक."

"काय?"

"मिल्कशेक. व्हॅनिलाचा. वर क्रीम, त्यावर लाल चेरी."

वहिनीचा चेहरा असा झाला, जणू मी पानावर तळलेली सुरमई मागितली. "भावोजी, झोप झाली नाय का तुमची?"

मंजू हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिचं रडणं सुरू झालं. वहिनी म्हणाली, "हॉटेलातलं? बाहेरचं? तेराव्याच्या पानावर?" मी लगेच गुरुजींना फोन लावला. तुला माहीतच आहे, ते दिवसा एसीच्या कंपनीत स्टोअर सांभाळतात. मागे पंख्यांचा आवाज. मी विचारलं, "गुरुजी, पानावर मिल्कशेक चालेल?"

"अंडं असतं त्यात?"

"नाय."

"मग दूध आणि साखर. चालेल. शिफ्टवर आहे, ठेवतो."

खलास. वहिनी पातेल्यांकडे वळली. पण तिचं समाधान झालं नव्हतं, आणि तिला तरी काय सांगणार? तिने पेगी मॅडमला पाहिलेलंच नाही.

मी इथे आलो तेव्हा सौदीला जोडणारा पूल अजून अर्धवट समुद्रात उभा होता. मागून तू आलीस आणि बुदैयाच्या रस्त्याला, खजुरीच्या बागेला लागून, एका अमेरिकन साहेबाच्या बंगल्यात कामाला लागलीस. साहेब तेलाच्या कामावर, घरात कधी नसायचा. मॅडम एकटी. पन्नाशीकडे आलेली बाई, पण केस शाळकरी पोरीसारखे मागे उंच बांधायची. तिच्याकडे गाण्याच्या तबकड्यांचा ढीग होता. सगळ्या तिच्या तरुणपणातल्या, म्हणजे आपण दोघं पाळण्यात होतो तेव्हाच्या.

दर शुक्रवारी सकाळी ती पडदे ओढायची, तबकडी लावायची आणि डोळे मिटून डुलत बसायची. तुला वाटलं, हे ह्यांचं भजन. तू स्वयंपाकघराच्या दारात चपला काढून, डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून उभी. असे कितीतरी शुक्रवार गेले. एकदा तर प्रसाद असावा म्हणून तू वाटीत साखर-खोबरं घेऊन गेलीस. मॅडमने डोळे उघडले, वाटी बघितली, तुझे जोडलेले हात बघितले, आणि ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला खाली जमिनीवर बसावं लागलं. मग तुला समजेल अशा मोडक्यातोडक्या हिंदीत तिने सांगितलं, यात देव नाही. एक पोरगा आहे, एक पोरगी आहे, आणि पोराने बापाची गाडी आणली आहे फिरवायला. बस्, एवढंच.

घरी येऊन मला सांगताना तू लाजेने लाल झाली होतीस. मी पोट धरून हसलो. तू चिडलीस. म्हणालीस, "हसा. पण ती डोळे मिटते हो. माणूस उगाच डोळे मिटत नाय."

त्या दिवसापासून मॅडमने तुला बाजूला बसवून घेतलं. तिच्या ओट्यापाशी दोन उंच स्टुलं होती. एकावर ती, एकावर तू. मिक्सर फिरवून ती मिल्कशेक करायची आणि अमेरिकेहून आणलेल्या बाटलीतली चेरी वर ठेवायची. ती तुला सांगायची, तिच्या गावात औषधाच्या दुकानात असंच एक लांब फळकुट होतं आणि पोरंपोरी संध्याकाळी तिथे बसून हे प्यायची. तू मला सांगितलंस तेव्हा मी म्हटलं, "औषधाच्या दुकानात? आमच्या लांज्याच्या औषधवाल्याकडे खोकल्याचं औषध मागितलं तरी तो खेकसतो." तू म्हणालीस, "तुमचं लांजा राहू दे. तिथे गाण्याची पेटी पण होती. बटन दाबलं की गाणं."

तुझ्या बोलण्यात "तिथे" असं यायला लागलं ते तेव्हापासून. गाव म्हटलं की मला लांजा दिसायचं आणि तुला न बघितलेलं अमेरिकेतलं ते औषधाचं दुकान.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, आता सांगतो. मॅडमने तुला नाचाच्या दोन-चार पावल्या शिकवल्या होत्या, हे मला माहीत होतं. आपल्या जिदहफ्सच्या खोलीत, मी कामावरून यायच्या वेळेला, तू तेच गाणं गुणगुणत ओट्यापुढे पावलं टाकायचीस. एका हातात लाटणं, दुसऱ्या हाताने साडी थोडी वर धरलेली. मी एकदा दारातून बघितलं आणि तसाच मागे सरकलो. मी आत आलो असतो तर तू थांबली असतीस आणि परत कधी नाचली नसतीस. म्हणून मी जिन्यात थांबायचो. गाणं संपलं की खोकायचो आणि मग आत यायचो. तुला वाटायचं मला खोकला आहे. तू हळदीचं दूध द्यायचीस. सुनंदे, मला खोकला कधीच नव्हता. किती वर्षं मी ते पिवळं दूध प्यायलो! मला ते मुळीच आवडत नाही.

कुवेतची लढाई व्हायच्या आधी मॅडम अमेरिकेला परत गेली. जाताना तुला गळ्याशी धरून रडली. तिच्या तबकड्या ती घेऊन गेली, तुझ्याकडे राहिलं ते एक गाणं, तेही नुसती चाल. मंजूला तू त्याच चालीवर झोपवलंस. मी म्हणायचो, पोरीला आपली अंगाई म्हण. तू म्हणायचीस, "झोपते ना? मग झालं."

आपलं भांडण ह्यावरूनच होतं आणि ते मिटलं नाही. मी म्हणायचो, "तू लांज्याच्या पलीकडच्या वाडीतली बाई. तुला कसली आलीय अमेरिकेची आठवण? ती मॅडमची आठवण आहे. तू ती उसनी घेतलीस." तू म्हणायचीस, "आठवण काय रेशनकार्डावर मिळते? ज्याचं नाव त्यालाच?" आणि एकदा तू मला फारच टोचून बोललीस. मी शेजाऱ्यांना गावच्या फणसाचं, पऱ्ह्याच्या वाहत्या पाण्याचं कौतुक सांगत होतो. ते गेल्यावर तू म्हणालीस, "अहो, त्या गावात तुम्हाला पायात चप्पल नव्हती. दोन वेळचं पेज-भात व्हायचं नाय म्हणून इकडे आलात. मग हे कुठलं गाव सांगता लोकांना?" मी चिडून बाहेर जाऊन बसलो.

तू पुढे म्हणाली होतीस, मॅडमचा बाप दारू पिऊन आईला मारायचा. हे तिने तुला स्टुलावर बसूनच सांगितलं होतं. मी म्हटलं, "मग कशाला लावते ती तेव्हाची गाणी?" तू म्हणालीस, "म्हणूनच लावते. गाण्यात बाप नाय ना."

हे तू बोललीस तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. आता घरात एकटा बसलो की थोडं थोडं कळतं.

बुदैयाचा अबू यूसुफ आठवतो ना? त्याने बापाची जुनी अमेरिकन गाडी माझ्याकडे सीटांना आणली होती. मागे माशासारखी शेपटं असलेली, लांबच लांब. फोम सगळा चुरा झाला होता. मी पांढरं आणि निळं रेक्झिन घालून, कडेच्या शिवणीला पायपिंग लावून नव्या केल्या. तू डबा द्यायला दुकानात आलीस आणि ती गाडी बघून तुझ्या हातातला डबा खाली पडला. तू बोनेटवरून हात फिरवलास. नवीन वासराला फिरवतात तसा. अबू यूसुफ हसायला लागला. म्हणाला, "यल्ला, बैठो." मी पुढे बसलो, तू मागे. बुदैयाच्या रस्त्याने त्याने गाडी काढली, काचा खाली. मी आरशात बघितलं. पदर वाऱ्याने उडालेला, कोपर खिडकीवर टाकलेलं, आणि चेहरा असा, जणू ह्या गाडीतून तू रोजच फिरतेस. मला वाटलं, ही बाई माझी बायको आहे का दुसरी कोण? मी मागे वळून म्हटलं, "हात आत घे, लागेल." तू म्हणालीस, "गप्प बसा हो. पोराने बापाची गाडी आणलीय." अबू यूसुफला काही कळलं नाही. आपण दोघं घरापर्यंत हसत होतो.

मग सीफच्या मॉलमध्ये ते हॉटेल निघालं. फरशी काळ्या-पांढऱ्या चौकोनांची, बाकं लालभडक, भिंतीवर शेपटांच्या गाड्यांचे आणि घेरदार झगे घातलेल्या पोरींचे फोटो, कोपऱ्यात गाण्याची पेटी. मंजूने पहिल्यांदा नेलं तेव्हा मी मेनू बघितलाच नाही, सीटेखाली हात घालून शिलाई बघत बसलो. मंजू म्हणाली, "बाबा, प्लीज! लोक बघतात." आणि तू दारात उभी. तू चपला काढल्यास गो. खरंच काढल्यास. मग तुझं तुलाच लक्षात आलं आणि पटकन परत घातल्यास. मंजूने बघितलं नाही. मी बघितलं.

नंतर दर महिन्याला जायचं ठरून गेलं. तुझा मिल्कशेक, माझा चहा, आणि मंजूने जबरदस्तीने मागवलेला माझा पण मिल्कशेक. माझ्यावरची चेरी मी तुला द्यायचो. मला ती औषधासारखी लागते. तिथली फिलिपिनो पोरगी, मारी, तुला मामा, म्हणजे आई, म्हणायची.

एकदा मंजू तिथेच बोलली. ती शाळेत इतिहास शिकलेली. म्हणाली, "आई, यू नो, तेव्हा अमेरिकेत आपल्या रंगाच्या लोकांना अशा काउंटरवर बसू पण देत नव्हते बऱ्याच ठिकाणी. हे सगळं फोटोत छान दिसतं फक्त." मला वाटलं तुझं तोंड उतरणार. तू स्ट्रॉ तोंडातून काढलास. म्हणालीस, "तेव्हा बसू देत नव्हते ना? मग आता बसते. सरक तिकडे, माझी साडी चुरगळते."

दवाखान्यात तुझ्या तोंडाची चव गेली होती. मी घावणे आणले, तू माझ्यासाठी म्हणून एक घास घेतलास. मग म्हणालीस, "बरं वाटलं की सीफला जाऊ." मी म्हटलं, "इंशाल्ला." नक्की सांगता येत नसलं की इथे लोक हा शब्द वापरतात, ते आपल्याला दोघांनाही चांगलं माहीत. तू माझ्याकडे बघून हसलीस. "नीट सांगा," म्हणालीस. मी म्हटलं, "जाऊ." एवढंच बोलणं राहिलं होतं, सुनंदे. म्हणून मी वहिनीशी भांडत होतो. मिल्कशेकचं मला काय पडलंय? मी "जाऊ" म्हटलं होतं.

काल सकाळी मंजूने गाडी काढली. हॉटेल नुकतंच उघडलं होतं, मारी टेबलं पुसत होती. मला एकट्याला बघून म्हणाली, "बाबा! वेअर मामा?"

मी काय सांगू? मला इंग्लिश येत नाही, तिला हिंदी जेमतेम. मंजू गाडी लावायला गेली होती. रोज कामात, दुकानात, रस्त्यात जो शब्द वापरतो तोच तोंडातून आला. "मामा खलास."

रेक्झिनचा रोल संपला की मी हेच म्हणतो गो. चहा संपला की हेच. बोलल्यावर मला माझीच लाज वाटली, पण शब्द बाहेर पडला होता. मारी हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली. मग तिने मला बाकावर बसवलं, तुझ्याच जागेवर, आणि आत गेली.

तिने प्लास्टिकच्या कपात आणलं, झाकण लावून. मी मान हलवली. मी हाताने दाखवलं, तो उंच, पन्हाळी पाडलेला काचेचा ग्लास. तुला असला कप कधी चालला नाही. मॅनेजर म्हणाला, ग्लास बाहेर देत नाही. मारी त्याच्याशी त्यांच्या भाषेत काय बोलली देव जाणे, पण तो गप्प झाला. तिने ग्लास भरला, वर क्रीम ठेवलं, आणि एक चेरी ठेवली. माझ्याकडे बघितलं. मग दुसरी ठेवली.

गाडीत मी तो ग्लास दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसलो. एसी फुल, तरी जिदहफ्सला येईपर्यंत क्रीम बसलं आणि चेऱ्या अर्ध्या बुडाल्या. मंजू इतकी हळू चालवत होती की मागचे हॉर्न मारत होते. "मारू दे," म्हणाली. मराठीत म्हणाली.

घरात पान मांडलेलं होतं. भात, वरण, वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी. घावणे पण होतेच, वहिनीने सोडले नाहीत. मी ग्लास पानाच्या डाव्या अंगाला ठेवला. वहिनीने तो बघितला आणि चटणी थोडी सरकवून जागा केली. गुरुजी शर्ट बदलून पाटावर बसले. तुझा फोटो त्या हॉटेलातलाच आहे, मंजूने मागची लाल सीट कापून टाकली आहे, पण तुझ्या ओठावर पांढरं लागलंय ते तसंच ठेवलंय.

गुरुजी म्हणाले, "आता कुणाला काही म्हणायचं असेल तर म्हणा. नाहीतर नमस्कार करा."

मंजू पुढे झाली, खाली बसली, आणि डोळे मिटून गुणगुणायला लागली. तुझं ते गाणं. नुसती चाल, तू तिला झोपवायचीस तशीच, मधे तू जिथे श्वास घ्यायचीस तिथेच श्वास घेऊन. पोरगी रडत नव्हती. थोडी डुलत होती.

आणि सुनंदे, मी बघतो तर कुंदावहिनीने डोक्यावर पदर घेतला. हात जोडले. बाळादादाने जोडले. गुरुजींनी पण डोळे मिटून हात जोडले. खोलीतली सगळी माणसं एका पोराच्या, एका पोरीच्या आणि बापाच्या गाडीच्या गाण्यापुढे मान खाली घातलेली. माझ्या पोटातून हसू वर यायला लागलं. तू असतीस तर तुला जमिनीवर बसावं लागलं असतं. मी हसू दाबलं, तर खोकला आला. खराखुरा. मंजूने डोळे उघडले नाहीत.

वहिनी माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "भावोजी, कुठल्या देवाचं हो हे?"

सांगणार होतो. वहिनी, यात देव नाय, म्हणून सांगणार होतो. पण मंजूने डोळे मिटले होते, आणि माणूस उगाच डोळे मिटत नाही.

ग्लास सांभाळत आत आलो त्यात पायातच राहिलेल्या चपला मी काढल्या, भिंतीला सारल्या, आणि हात जोडले.